विश्लेषण : कानाचा पडदा भरून आला, तरी ऐकू का येत नाही?

कानशिलात बसलेली थप्पड, दुचाकीवरून पडल्यावर डोक्याला लागलेला मार किंवा कान कोरताना खोल गेलेली काडी. कानातून थोडे रक्त येते, दडा बसल्यासारखे वाटते. डॉक्टर तपासून सांगतात की पडद्याला भोक पडले आहे, कान कोरडा ठेवा, भरून येईल. दोन-तीन महिन्यांत पडदा बहुतेक वेळा खरोखरच भरून येतो. पण त्या कानाला फोन लावला, की पलीकडचे बोलणे कळत नाही. काहींना तर पडदा भरल्यावर पूर्वीपेक्षाही कमी ऐकू येऊ लागते. ‘नस गेली असेल,’ असे घरात कोणीतरी म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. प्रत्यक्षात अशा अनेक कानांतील नस शाबूत असते. बिघाड असतो पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीत. हा बिघाड ओळखता येतो आणि बऱ्याचदा दुरुस्तही करता येतो. मात्र त्यासाठी जखम भरल्यानंतर एकदा श्रवणचाचणी करावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

ही तीन हाडे नेमके काय करतात?

हातोडी, ऐरण आणि रिकीब ही नावे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेली असतात. डॉक्टरांच्या कागदावर ती मॅलियस, इन्कस आणि स्टेपीस म्हणून येतात. हातोडीचा दांडा कानाच्या पडद्यात रुतलेला असतो, तिचे डोके ऐरणीला टेकलेले असते आणि ऐरणीचा लांब पाय रिकिबीला जोडलेला असतो. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड. उंची सुमारे तीन मिलिमीटर, वजन तीन मिलिग्रॅमच्या आसपास. तिची चपटी पट्टी आतल्या कानाच्या एका छोट्या खिडकीत बसवलेली असते. ही हाडे जन्मतःच जवळजवळ पूर्ण आकाराची असतात, पुढे वाढत नाहीत.

त्यांची गरज का पडते, हे विहिरीत बुडी मारणाऱ्याला लगेच समजेल. पाण्याखाली गेल्यावर काठावरच्यांचा आरडाओरडाही पुसट होतो, कारण हवेतून आलेला आवाज पाण्यावर आदळला की त्याची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. आपल्या आतल्या कानात द्रव भरलेला आहे आणि आवाज तर हवेतून येतो. मधे काहीच नसते, तर आपण सगळेच कायम विहिरीत बुडी मारून बसल्यासारखे ऐकले असते. हाडांची साखळी ही तूट भरून काढते. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या पट्टीचे सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर. म्हणजे मोठ्या पृष्ठभागावरचे बल सतरा पटींनी लहान जागेवर येते. त्यात हातोडी आणि ऐरण मिळून तरफेसारखे काम करतात, त्याचे आणखी १.३ पट. एकूण दाब साधारण २२ पट होतो. डेसिबलच्या भाषेत सांगायचे तर जवळपास २७ डेसिबलची कमाई, तीही बॅटरीशिवाय.

मग पडदा भरल्यावर ऐकणे आणखी कमी का होते?

सामान्य माणसाला सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट हीच आहे. समजा, मार लागल्यावर पडदाही फाटला आणि साखळीही तुटली. फाटलेल्या पडद्यातून थोडा आवाज थेट आतल्या खिडकीपर्यंत पोहोचतो. तो साखळीतून येणाऱ्या आवाजाइतका जोरदार नसतो, पण काहीतरी आत जाते. पुढे पडदा भरून येतो. साखळी मात्र तुटलेलीच आहे. आता पडदा कंप पावतो, पण ते कंप पुढे न्यायला कोणी नाही आणि भोकही बुजले आहे. ज्या पडद्याने आवाज आत पोहोचवायचा, तोच आता भिंत होऊन उभा राहतो.

वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील आकडेही हेच सांगतात. साखळी तुटलेली आणि पडदा फाटलेला असेल, तर श्रवणात सुमारे ३८ डेसिबलची घट. साखळी तुटलेली आणि पडदा अखंड असेल, तर सुमारे ५४ डेसिबलची. समोरासमोरचे नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते. ५४ डेसिबल वजा झाले, की त्या कानाला हे बोलणे जेमतेम कुजबुजीइतकेही उरत नाही. त्यामुळे ‘पडदा भरला’ ही बातमी चांगलीच, पण अर्धी. दुर्बिणीतून पडदा नितळ दिसत असतानाही त्यामागची साखळी सुटलेली असू शकते.

सर्वांत आधी कोणते हाड निसटते?

बहुतेक वेळा ऐरण. हातोडीला पडद्याचा आणि एका छोट्या स्नायूचा आधार आहे. रिकीब खिडकीत कड्यासारख्या अस्थिबंधाने बसलेली असते आणि तिलाही स्वतःचा स्नायू आहे. ऐरण मात्र दोघींच्या मधे, एकाही स्नायूचा आधार नसलेली. डोक्याला हिसका बसला, की तीच हलते. ऐरण आणि रिकीब यांच्यामधला नाजूक सांधा सुटणे हा या जखमांतला सर्वाधिक आढळणारा प्रकार. त्यातच ऐरणीच्या लांब पायाच्या टोकाला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे दुखावल्यावर ते टोक हळूहळू झिजूही शकते. अपघातानंतर सुरुवातीला बरे असलेले ऐकणे पुढे कमी होत गेले, तर त्यामागे असे कारण असू शकते.

साखळी सुटण्यासाठी कानशिलाचे हाड मोडलेच पाहिजे असे नाही. फ्रॅक्चर असेल तर शक्यता वाढते. पण कानावर सपाट पंजाने बसलेली थप्पड, स्फोटाचा धक्का, पोहताना पाण्यावर कान आपटणे, वेल्डिंग करताना कानात उडालेली ठिणगी एवढ्यानेही पडदा आणि हाडे दुखावतात. घरगुती कारणांत पहिला मान इअरबडचा. बड कानात असताना कोणाचा तरी कोपराला धक्का लागतो किंवा न्हाणीघराचे दार अचानक उघडते आणि काडी आत जाते. हेअरपिन, आगकाडी, स्कूटरची किल्ली हे त्याच कुळातले. कानातला मळ बाहेर यावा अशी सोय निसर्गाने केली आहे. बहुतेकांना तो कोरून काढावाच लागत नाही.

ओले बोटसुद्धा पुरेसे?

हो. हा प्रकार वैद्यकीय साहित्यात चांगला नोंदलेला आहे आणि तरीही फारसा कोणाला माहीत नसतो. आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर कानातले पाणी काढण्यासाठी माणूस ओले बोट कानात घट्ट घालून हलवतो आणि झटक्यात बाहेर ओढतो. ओल्या बोटाने कानाचे तोंड हवाबंद झालेले असते. बोट ओढताच आत पोकळीसारखी ओढ निर्माण होते, पडदा बाहेर खेचला जातो आणि त्यात रुतलेला हातोडीचा दांडा मोडतो. क्षणभर तीव्र कळ येते, मग ऐकू कमी येते. पडदा शाबूत, रक्त नाही, एक्स-रेमध्ये काही नाही. त्यामुळे निदान कित्येकदा उशिरा होते. कानात हवेचा हलका दाब देत दुर्बिणीतून पाहिले, तर दांडा मोडलेल्या जागी वेगळा हलताना दिसतो.

‘नस गेली’ की साखळी सुटली, हे कसे ओळखतात?

पहिली चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिला वीजही लागत नाही. ५१२ हर्ट्झचा नादकाटा. तो वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवतात आणि विचारतात, आवाज कोणत्या कानात जास्त येतो? ही वेबर चाचणी. साखळी तुटली असेल, तर आवाज बिघडलेल्या कानात जास्त ऐकू येतो. नस किंवा आतला कान दुखावला असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. पहिले उत्तर ऐकून रुग्ण स्वतःच चक्रावतो, पण त्यात गूढ काही नाही. कवटीच्या हाडातून आलेला आवाज थेट आतल्या कानात पोहोचतो, त्याला मधल्या साखळीची गरज नसते. आणि त्या कानात बाहेरचा गोंगाट पोहोचत नसल्याने तो आवाज तिथे अधिक ठळक भासतो.

दुसरी रिने चाचणी. नादकाटा आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर हवेत धरायचा. निरोगी कानाला हवेतला आवाज मोठा वाटतो. साखळी तुटलेल्या कानाला हाडावरचा.

वेबर चाचणीची घरगुती आवृत्तीही आहे. तोंड बंद करून ‘म्म्म’ असा सलग आवाज काढायचा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते पाहायचे. बिघडलेल्या कानात घुमत असेल, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता अधिक. तो चांगल्या कानात घुमत असेल आणि दुसऱ्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण घाई करायची की नाही हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

खरे मोजमाप ऑडिओग्राममध्ये होते. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवतात आणि प्रत्येक स्वर किती डेसिबलला ऐकू येतो ते नोंदवतात. मग कानामागच्या हाडावर कंप देणारे उपकरण ठेवून पुन्हा तेच. कागदावर दोन रेषा येतात : हवेतून ऐकण्याची आणि हाडातून ऐकण्याची. दोन्ही रेषा सारख्याच खाली गेल्या असतील, तर बिघाड आतल्या कानात किंवा नसेत. हाडाची रेषा वर, उदाहरणार्थ १० डेसिबलवर, आणि हवेची ५५ वर असेल, तर मधले ४५ डेसिबलचे अंतर वाटेतल्या अडथळ्याचे आहे. या अंतराला एअर-बोन गॅप म्हणतात. जखम भरल्यानंतरही ते ३० डेसिबलपेक्षा जास्त उरले, तर साखळी सुटल्याचा संशय बळावतो. रिपोर्ट हातात आल्यावर रुग्णाने पाहायची गोष्ट हीच : दोन रेषांमध्ये किती अंतर आहे?

इथे एक खाच आहे. कवटीवर दिलेला कंप दोन्ही कानांपर्यंत पोहोचतो. एक कान पूर्ण बंद असेल आणि दुसरा ठणठणीत, तर चांगला कान उत्तर देतो आणि कागदावर ते बंद कानाच्या नावावर चढते. नस गेलेला कानही मग साखळी तुटल्यासारखा दिसतो. म्हणून चाचणीवेळी चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. याला मास्किंग म्हणतात. एका कानाच्या तक्रारीसाठी केलेल्या ऑडिओग्राममध्ये मास्किंग झाले नसेल, तर त्या कागदावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

तिसरी चाचणी टिम्पॅनोमेट्री. कानाचे तोंड रबरी टोपीने बंद करून आतला हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती लवचीक आहे ते पाहतात. साखळीला बांधलेला पडदा ठरावीक मर्यादेत हलतो. साखळी सुटली, की तो मोकळ्या शिडासारखा हलतो आणि आलेखाचे शिखर नेहमीपेक्षा खूप उंच जाते. रिपोर्टवर ‘टाइप एडी’ असे लिहून येते. पडद्याला भोक असताना मात्र ही चाचणी याबाबत काही सांगू शकत नाही. तीही पडदा भरल्यानंतरच.

मेंदूचा सीटी नॉर्मल आला होता, मग?

अपघातानंतर तातडीच्या विभागात होणारा सीटी स्कॅन मेंदूतला रक्तस्राव शोधण्यासाठी असतो. त्याची चित्रे साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या कापांची असतात. तीन मिलिमीटरची रिकीब अशा दोन कापांच्या मधे सहज हरवते. ‘सीटी नॉर्मल’ याचा अर्थ मेंदूला इजा नाही, एवढाच. कानाच्या हाडांबद्दल त्या कागदाने काहीही सांगितलेले नसते.

हाडांसाठी लागतो तो कानशिलाच्या हाडाचा एचआरसीटी. त्याचे काप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात. या चित्रात हातोडीचे डोके आणि ऐरणीचे अंग एकत्र पाहिले, की आइस्क्रीमचा कोन दिसतो : गोळा म्हणजे हातोडी, कोन म्हणजे ऐरण. रेडिओलॉजिस्ट खरोखरच त्याला आइस्क्रीम कोन म्हणतात. गोळा कोनावरून घसरलेला दिसला, तर सांधा निखळला हे स्पष्ट होते. ऐरण-रिकीब सांध्यातली किंचितशी फट मात्र स्कॅनमध्येही निसटू शकते. आणि मार ताजा असताना मधल्या कानात रक्त साचलेले असेल, तर सगळेच धूसर दिसते.

कधी अजिबात थांबायचे नाही?

कानाला मार लागल्यावर गरगरणे, उलट्या, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्राव, तोंड एका बाजूला वाकडे होणे किंवा कानाने अचानक पूर्णच ऐकू न येणे, यापैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. स्वच्छ द्राव हे मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. चेहऱ्याची नस मधल्या कानाच्या भिंतीतूनच जाते. मार लागताक्षणी चेहरा वाकडा झाला की काही तासांनी, ही नोंद पुढील उपचार ठरवते. त्यामुळे सोबत असलेल्याने वेळ लक्षात ठेवावी.

कानात काडी गेली आणि लगेच गरगरू लागले, ही सर्वांत गंभीर सूचना. रिकीब आत ढकलली गेली असेल, तर आतल्या कानातला द्रव गळू लागतो आणि त्याबरोबर ऐकणे कायमचे जाऊ शकते. इथे दोन-तीन महिने वाट पाहण्याचा सल्ला लागू होत नाही. आतल्या कानाला मार बसून अचानक बहिरेपण आले असेल, तर डॉक्टर स्टेरॉइडचा विचार करतात, आणि त्या उपचारात दिवस मोजले जातात.

आणि कधी थांबणेच योग्य?

वरची लक्षणे नसतील, तर घाई करून काही मिळत नाही. मधल्या कानात साचलेले रक्त काही आठवड्यांत आपोआप शोषले जाते आणि त्याबरोबर ऐकणे सुधारते. मार लागून फाटलेले पडदेही बहुतांशी तीन महिन्यांच्या आत भरतात. या काळात उपचार म्हणजे मुख्यतः काय करायचे नाही, याची यादी. कानात पाणी जाऊ द्यायचे नाही. आंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा. जोराने नाक शिंकरायचे नाही. लसूण घालून कढवलेले तेल, कोमट खोबरेल, शेजारच्या मेडिकलमधून आणलेले थेंब, यातले काहीही घालायचे नाही. काही कानाच्या थेंबांत जेंटामायसिनसारखी औषधे असतात. फाटलेल्या पडद्यातून ती आतल्या कानापर्यंत पोहोचली, तर शाबूत राहिलेली नसही दुखावते. कान साफ करून देणाऱ्या फिरत्या कारागिराकडे तर या काळात वळूही नये.

पहिला ऑडिओग्राम शक्यतो मार लागल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच करावा, म्हणजे नस शाबूत आहे की नाही ते कळते. दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी. अपघातात पाय मोडलेला असतो, बरगड्या दुखत असतात, कामावर खाडे झालेले असतात. कान दुखत नाही आणि दुसऱ्या कानाने काम भागते. त्यामुळे दुसऱ्या चाचणीला कोणी जात नाही. हाडे बसवणाऱ्या डॉक्टरांच्या फॉलोअपमध्ये कानाचा विषय निघण्याचे कारण नसते. घरच्यांनीच तो काढायला हवा. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच, कारण एका कानाने कमी ऐकू येते हे मूल सांगत नाही. वर्गात ते फक्त दुर्लक्ष करणारे ठरते.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

कानाच्या नळीतूनच, सूक्ष्मदर्शक किंवा एंडोस्कोप वापरून, पडदा एका बाजूने उचलून पानासारखा दुमडतात आणि साखळी हलवून पाहतात. निदानाचा शेवटचा शब्द इथेच मिळतो. हातोडी हलवली की रिकीब हलते का? नाही हलली, तर तूट कुठे आहे ते डोळ्यांनी दिसते. भूल स्थानिक किंवा पूर्ण, रुग्णाचे वय आणि शस्त्रक्रियेचा आवाका पाहून ठरते. या दुरुस्तीला ऑसिक्युलोप्लास्टी म्हणतात. मधल्या कानाच्या पुनर्बांधणीचा पाया १९५०च्या दशकात जर्मनीत होर्स्ट वुलस्टाइन आणि फ्रिट्झ झॉलनर यांनी घातला.

वाटते तितके सोपे नाही ते निसटलेली ऐरण उचलून जागेवर ठेवणे. ती तशी टिकत नाही किंवा भलत्या कोनात चिकटून बसते. म्हणून सर्जन बऱ्याचदा ऐरण बाहेर काढतात, बारीक बरने तिला कोरून छोटा ठोकळा करतात, त्यात रिकिबीचे डोके बसेल अशी खाच पाडतात आणि तो ठोकळा हातोडीचा दांडा व रिकीब यांच्यामध्ये बसवतात. रुग्णाचेच हाड, त्यामुळे शरीर ते नाकारत नाही आणि खर्चही कमी. सांध्यात थोडीच फट असेल, तर हाडाचे सिमेंट किंवा कुर्चेचा तुकडा पुरतो.

ऐरण वापरण्याजोगी नसेल, तर कृत्रिम भाग. आज त्यासाठी प्रामुख्याने टायटॅनियम वापरतात. रिकीब शाबूत असेल तर पडद्यापासून रिकिबीच्या डोक्यापर्यंत जाणारा छोटा खांब बसवतात, त्याला पॉर्प म्हणतात. रिकिबीची कमानच मोडली असेल, तर खांब थेट तिच्या पट्टीवर उभा करावा लागतो, तो टॉर्प. धातूने पडदा घासून बाहेर येऊ नये म्हणून मधे रुग्णाच्याच कानाच्या कुर्चेची चकती ठेवतात. सर्जन टायटॅनियम सुचवत असतील, तर स्वतःचे हाड का वापरता येणार नाही, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. उत्तर अनेकदा योग्यच असते, पण ते मिळायला हवे.

हातोडी आणि ऐरण यांच्या मधून जिभेच्या चवीची एक बारीक नस जाते. शस्त्रक्रियेत ती ताणली गेल्यास जिभेच्या त्या बाजूला काही आठवडे धातूसारखी चव लागते. बहुतेकांची ही तक्रार हळूहळू जाते. आतल्या कानाला इजा होऊन ऐकणे पूर्ण जाण्याचा धोका कमी आहे, पण शून्य नाही. रिकिबीशी छेडछाड करावी लागल्यास तो वाढतो. म्हणूनच चांगला कान एकच उरला असेल, तर त्या एकुलत्या कानावर शस्त्रक्रिया करायला सर्जन सहसा तयार होत नाहीत.

ऐकणे पूर्ववत होते का?

कानशस्त्रक्रियेत यश मोजण्याची रूढ रेषा अशी : हवा आणि हाड यांतले अंतर २० डेसिबलच्या आत आले, तर शस्त्रक्रिया यशस्वी. म्हणजे यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही तो कान दुसऱ्याच्या बरोबरीचा होईलच असे नाही. पण फोन त्या कानाला लावता येतो, मागून आलेल्या वाहनाची बाजू कळते. रिकीब शाबूत असेल तर निकाल चांगले लागतात, ती मोडली असेल तर अनिश्चितता वाढते. अपघातग्रस्तांच्या बाजूने एक गोष्ट असते : वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाच्या तुलनेत त्यांचा मधला कान निरोगी असतो. सूज नाही, पू नाही. अशा कानात बसवलेली साखळी टिकण्याची शक्यता अधिक.

निकाल लगेच कळत नाही. कानात काही काळ पॅकिंग असते, ते निघाल्यावरही सूज उतरायला वेळ लागतो. पहिला खरा ऑडिओग्राम काही आठवड्यांनी होतो. तोपर्यंत नाक शिंकरणे, जड वजन उचलणे, डोके बुडवून पोहणे आणि सर्जन परवानगी देईपर्यंत विमानप्रवास टाळावा लागतो. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर कानातल्या टायटॅनियमची माहिती आधी द्यावी. त्यासाठी डिस्चार्ज कार्डवर कोणता भाग बसवला, हे लिहून घेतलेले बरे.

शस्त्रक्रिया करायची नसेल तर?

तोही निर्णय शहाणपणाचा असू शकतो. साखळी तुटलेल्या कानाची नस उत्तम असते, फक्त आवाज पोहोचत नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा केला, की असा कान स्वच्छ ऐकतो. नसेच्या बहिरेपणात आवाज मोठा होऊनही शब्द फाटके ऐकू येतात, ती अडचण इथे नाही. हाडातून कंप देणारी यंत्रेही आहेत, ती साखळीला वळसा घालून थेट आतल्या कानाशी बोलतात. साठीच्या माणसाने, मधुमेह आणि रक्तदाब सांभाळत, शस्त्रक्रियेऐवजी यंत्र निवडले तर त्यात गैर काही नाही.

चाचणीसाठी महागड्या रुग्णालयातच जावे लागते असे नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ऑडिओग्रामची सोय असते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था याच कामासाठी आहे. शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात गेल्यास, ही दुरुस्ती कोणत्या पॅकेजमध्ये बसते आणि कृत्रिम भागाचा खर्च त्यात धरला आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे.

मारहाणीत कान गेला, तर कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये कोणत्याही एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे ही ‘गंभीर दुखापत’ मानली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्येही हेच होते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मात्र दोन्ही कान पाहतो. त्यात ‘कमी ऐकू येणारी’ व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांवर ६० ते ७० डेसिबलची घट असलेली. त्यामुळे एका कानाने काहीच ऐकू न येणारा माणूस फौजदारी कायद्याच्या नजरेत गंभीर जखमी ठरू शकतो, आणि तरीही दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत त्याला जागा नसते.

फौजदारी व्याख्येतला ‘कायमची’ हा शब्द महत्त्वाचा. साखळीचा बिघाड दुरुस्त होऊ शकतो, नसेचा बहुधा नाही. त्यामुळे मारहाणीच्या प्रकरणात दोन्ही ऑडिओग्राम, मार लागल्यानंतर लगेचचा आणि काही आठवड्यांनंतरचा, तारखेसह जपून ठेवावेत. ऑडिओग्राम रुग्णाच्या उत्तरांवर अवलंबून असतो, म्हणून अशा वेळी बेरा ही चाचणीही सांगितली जाते. तिच्यात बटण दाबायचे नसते. डोक्यावर इलेक्ट्रोड लावतात आणि आवाजाला नस व मेंदूचा खालचा भाग काय प्रतिसाद देतात, ते यंत्र स्वतः नोंदवते.